हेदा आणि वेंगुर्ल्याची वखार

वेंगुर्ल्याच्या डच वखारीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी आठवला विलेम क्लास हेदा. हा हार्लेमचा चित्रकार, जन्म १५९४ च्या सुमाराचा. त्याच्या चित्रात न्याहारी अर्धी टाकून माणसं उठून गेलेली असतात. आडवा पडलेला चांदीचा पेला, साल लोंबणारं लिंबू, कालवं, आणि काही चित्रांत छापील कागदाच्या पुडीत मिरपूड. सगळं करड्या-तपकिरी रंगात. काचेवरचा उजेड मात्र असा की बोट लावून बघावंसं वाटतं. मिरी हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा जीव की प्राण. तिच्याच पायी डच आपल्या किनाऱ्याला लागले.

ते वेंगुर्ल्यात येण्याआधीच इकडे आला होता विलेमच्याच घराण्यातला कॉर्नेलिस हेदा. प्रागला सम्राट रुडॉल्फच्या दरबारी चित्रं काढणारा हा माणूस इराणला निघाला, पोर्तुगिजांच्या हाती सापडून गोव्यात आला आणि तिथून विजापूर गाठून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा चित्रकार झाला. गाण्यात आणि चित्रांत रमणाऱ्या त्या सुलतानासाठी त्याने रोमन देवदेवता रंगवल्या. १६२२ मध्ये तो वारला. डच व्यापाऱ्यांना त्याने लिहिलेली पत्रं राहिली; त्याचं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं विजापुरातलं एकही चित्र राहिलं नाही. माझ्या जिवाला हे फार लागतं.

तो गेल्यावर पंधरा वर्षांनी, १६३७ मध्ये, आदिलशाहीच्या परवानगीने डचांनी वेंगुर्ल्यात बस्तान बसवलं. गोव्याच्या तोंडाशी आरमार उभं करून पोर्तुगिजांची कोंडी करायची, तर त्या जहाजांना दाणापाणी जवळूनच हवं. वेंगुर्लं त्यासाठी सोयीचं बंदर. पुढची हकिकत गॅझेटियरमध्ये थोडक्यात सापडते: १६७५ मध्ये मोगलांनी गाव जाळलं, १६९६ मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांनी वखार लुटली, १८१२ मध्ये गाव इंग्रजांकडे गेलं.

वखार बघायला गेलो तेव्हा मी रेंगाळलो ते भिंतीपाशी. वखार जांभ्याची, दुमजली. छप्पर गेलेलं, कमानीच्या खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं. जांभा खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ की हत्याराने तासता येतो. वारा लागला की कडक होतो. पण त्याच्या अंगभर भोकं. पाणी आत जाऊ नये म्हणून वर चुन्याचा गिलावा. तो शाबूत असेपर्यंत भिंत कोकणातला पाऊस सोसते. एकदा निखळला की भिंतीच्या माथ्यावरून पाणी थेट पोटात उतरतं आणि सांध्यांतला चुना धुऊन नेतं. त्या मोकळ्या सांध्यात पाखरानं टाकलेलं वडा-पिंपळाचं बी रुजतं. एका कोपऱ्यात मनगटाएवढं मूळ दोन चिऱ्यांच्या मधून शिरून तीन थर खाली बाहेर पडलेलं दिसलं. वरचा चिरा त्याने बोटभर पुढे ढकलला होता, आणि तोच चिरा अजून त्या मुळाच्याच आधाराने जागेवर टिकून होता.

म्हणूनच इथे घाईने काही करता येत नाही. मूळ उपटलं तर भिंत त्याच्याबरोबर खाली येईल. ते वरून छाटायचं, आत हळूहळू मारायचं, आणि जसजशी पोकळी होईल तसतसा तिच्यात चुना भरत जायचा. सिमेंट सोपं, स्वस्त, कुठेही मिळणारं. पण ते ओल आत कोंडून धरतं आणि शेजारचा जांभा भुसभुशीत होतो. चुन्याचं काम म्हणजे चुना विझवायचा, मुरवायचा, घाण्यात मळायचा, गूळ-हिरडा घालायचा आणि लावल्यावर दिवसचे दिवस भिजवत राहायचं. मला भेटलेल्या एका वयस्क गवंड्याला हे सगळं येत होतं, पण त्याच्या हाताखाली शिकणारं पोर नव्हतं. घरं बांधायला कुणी चुना मागत नाही, मग पोरानं शिकावं कशासाठी?

वखार राज्य संरक्षित स्मारक आहे, म्हणजे कायद्याचं छत्र आहे. पाऊस अडवणारं छत्र मात्र अजून नाही. पुरी डागडुजी पैशाअभावी लांबली तरी चालेल, पण भिंतींच्या माथ्यांवर चुन्याचा उतरता थर आणि वर तात्पुरतं पत्र्याचं छप्पर ही दोन कामं एका उन्हाळ्यात होण्यासारखी आहेत. चुन्याला कडक व्हायला वेळ हवा; त्यामुळे ती मार्चपर्यंत सुरू झाली नाहीत तर आणखी एक पावसाळा त्या सांध्यांत उतरणार.