औषध माणसाला, परिणाम माशाला

नदीत मासे मरून तरंगू लागले की त्याची बातमी होते. पाण्यातील प्राणवायू संपला किंवा एखादे विष मिसळले, असे कारण बहुधा निघते. औषधांचे अंश मिसळलेल्या पाण्यात मात्र मासे सहसा मरत नाहीत. ते पोहतात, खातात. पण त्यांची वीण घटू शकते. म्हणूनच हे प्रदूषण चटकन लक्षात येत नाही.

पाण्यात औषध येते कोठून? आपण घेतलेली प्रत्येक गोळी शरीरात पूर्णपणे विघटित होत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन तर जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते आणि सांडपाण्यात जाते. शुद्धीकरण केंद्रात जिवाणूंकडून मैल्याचे विघटन करून घेतात. परंतु औषधांचे अनेक रेणू या जिवाणूंना दाद देत नाहीत. सोलापूरकरांना हा विषय जवळचा आहे. शहराला पाणी पुरवणारे उजनी धरण भीमा नदीवर आहे आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व पुढे उजनीत येते. याच जलाशयातील मासे आपल्या बाजारातही येतात.

माणसाचे औषध माशाला का लागू पडावे? दोघेही पृष्ठवंशी प्राणी आहेत. संप्रेरके ओळखणारे पेशींमधील रेणू दोघांत बरेच सारखे असतात. किल्ली माणसासाठी बनवली, तरी ती माशाचे कुलूपही उघडते.

याचा पुरावा कॅनडातील एका प्रयोगात मिळाला. गर्भनिरोधक गोळ्यांत वापरले जाणारे इथिनिल इस्ट्रॅडिओल हे संप्रेरक २००१ ते २००३ या काळात तेथील एका लहान तलावात सोडण्यात आले. प्रमाण होते लिटरमागे सुमारे ५ नॅनोग्रॅम, म्हणजे १०,००० लिटरच्या २०,००० टँकरमध्ये मिळून अवघा १ ग्रॅम! तरीही अंड्यातील बलकासाठी लागणारे, मादीच्या शरीरात बनणारे प्रथिन नर मासेही बनवू लागले. फॅटहेड मिनो या बोटभर माशांची संख्या कोसळली आणि ते तलावातून जवळजवळ नाहीसे झाले. संप्रेरक सोडणे थांबवल्यावर काही वर्षांनी त्यांची संख्या पूर्ववत झाली.

मग असे पाणी पिणाऱ्या माणसाचे काय? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून हे गणित करून घ्यावे. आपल्याकडील ‘माला-एन’ गोळीत हे संप्रेरक ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३०,००० नॅनोग्रॅम असते. त्या तलावाचे पाणी रोज २ लिटर प्यायले, तर पोटात १० नॅनोग्रॅम जातील. एका गोळीइतकी मात्रा व्हायला ३,००० दिवस, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. मासा मात्र पाणी नुसते पीत नाही, तो त्यातच राहतो. त्याच्या कल्ल्यांवरून रात्रंदिवस पाणी वाहते आणि काही औषधे त्याच्या शरीरात साठत जातात.

औषधाच्या कारखान्यांचे सांडपाणी ही याहून मोठी बाब. सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत पाटणचेरू लागते. तेथे सुमारे ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्राची स्वीडनच्या योआकिम लार्सन व सहकाऱ्यांनी तपासणी केली. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे त्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे जवळपास १६ लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅमची एक गोळी! औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते एवढे नसते. सोलापूरजवळ चिंचोली औद्योगिक वसाहतीतही औषधनिर्मिती होते, हे ध्यानात ठेवायला हवे.

रोग्याने गरजेचे औषध सोडावे, असा याचा अर्थ नाही. ओझोन किंवा सक्रियित कोळसा वापरून पाण्यातील पुष्कळशी औषधे काढता येतात. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांना अशी जादा प्रक्रिया बंधनकारक केली. ती खर्चिक आहे. म्हणून जेथे औषध एका जागी आणि जास्त प्रमाणात सापडते, त्या कारखान्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. शाळेची सहल शुद्धीकरण केंद्रावर नेल्यास मुलांनी तेथे एक प्रश्न जरूर विचारावा : या पाण्यात औषधे किती उरली, हे येथे मोजतात का?