वरंधचा किंजळ

किंजळ हा सह्याद्रीच्या पानगळीच्या रानातला उंच वृक्ष. बिरवाडी, माझेरी मागे टाकून वरंध घाट चढू लागले की दोन्ही अंगांच्या उतारांवर तो ऐनाच्या जोडीने दिसतो. शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया पॅनिक्युलाटा. हिरडा, बेहडा, अर्जुन आणि ऐन हे त्याचे भाऊबंद. ऐन ओळखणे सोपे, कारण त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. किंजळाची साल त्यामानाने साधी.

त्याची खरी ओळख पटते ती पाऊस सरल्यावर. श्रावण-भाद्रपदापासून फांद्यांच्या शेंड्यांना बारीक पांढुरके तुरे येऊ लागतात. हिवाळ्यात त्यांची फळे होतात, आधी गुलाबीसर, मग विटकरी; दुरून बघणाऱ्याला सगळे झाडच फुललेले वाटते. एक फळ तळहातावर घ्यावे. मध्ये इवलासा दाणा आणि त्याला कागदासारखे तीन पंख: एक रुंद, दोन अगदी आखूड. ऐनाच्या फळाला मात्र पाच सारखे पंख असतात आणि ते आकारानेही मोठे. किंजळाचे हलके फळ घाटातल्या वाऱ्यावर सहज दूर जाते.

एवढी उधळण होऊनही रोपे थोडीच दिसतात. पुष्कळ फळे आतून पोकळ निघतात. बी असलेली वाळल्या गवतात पडतात, आणि उन्हाळ्यात वणवा लागला की गवताबरोबर जळून जातात. तरीही किंजळ टिकून आहे तो बुंध्याच्या जोरावर. तोडलेल्या खोडाला पुन्हा फुटवे येतात.

या गुणाचा माणसाने पुरेपूर वापर केला. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजायला ऐन-किंजळाचे टहाळे तोडायचे, ते शेण आणि गवतासह वाफ्यावर पसरायचे आणि पावसाआधी पेटवायचे, ही महाड-पोलादपुरातली जुनी रीत. लाकूड कठीण, म्हणून घराचे वासे नि खांब, नांगरसुद्धा त्याचेच. कोळशाच्या भट्ट्यांनीही ते भरपूर खाल्ले.

वारंवार छाटलेला किंजळ काठीसारखा सरळ वाढतो. त्याच्याखाली सावली कसली? तिच्यासाठी देवराईतच जावे लागते. तिथे कोयता न लागलेला किंजळ पंचवीस मीटरच्या पुढे जातो, त्याचा माथा पसरतो, आणि त्याच्या बुंध्यापाशी ओलसर पाचोळ्यात हिवाळ्यातली पंखवाली फळे पावसाळ्यापर्यंत पडून राहिलेली सापडतात.