सरकारी वकील नेमका कोणाचा?

फराळाच्या ताटाशी कोर्टकचेरीच्या गोष्टी काढू नयेत, असे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत. तरीही दर दिवाळीला हा विषय निघतोच, आणि काढतो तो माझा मावसभाऊ. त्याला कारणही तसेच आहे.

१९९६ सालची गोष्ट. धुळ्याला आग्रा रोडलगतच्या एका गल्लीत त्याचे लहानसे दुकान होते. एका रात्री दुकान बंद करताना, उसनवारीच्या जुन्या भांडणातून त्याच्यावर चाकूचे वार झाले. जीव वाचला, डावा हात मात्र कायमचा अधू झाला. त्याने तिघांची नावे सांगितली. मी त्या दिवशी त्याच्याकडेच मुक्कामाला होतो. त्याला इस्पितळात नेणाऱ्यांत मी एक, म्हणून साक्षीदारांतही माझे नाव.

खुनाच्या प्रयत्नाचा खटला म्हणजे सत्र न्यायालयाचे काम. तेथे फिर्यादीला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून खटला चालवून घेता येत नाही. तो सरकारी वकीलच चालवितो. फिर्यादीने वकील दिलाच, तर त्याने सरकारी वकिलांच्या सांगण्याप्रमाणे मदत करायची, एवढेच. मी तेव्हा जळगावला नोकरीस होतो. तारखेच्या दिवशी पहाटेची एस.टी. धरायची आणि एरंडोल, पारोळे करीत धुळे गाठायचे.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी सरकारी वकिलांना म्हणालो, "साहेब, काय बोलायचे ते जरा सांगून ठेवा."

"पाहिले तेवढे बोला," ते म्हणाले. "पाहिले नसेल ते कोणी विचारले, तर पाहिले नाही म्हणा. मीही विचारले तरी."

मावसभावाला हे काही रुचले नाही. पण खरा प्रसंग पुढेच होता. तिसऱ्या आरोपीची, एका विशीतल्या पोराची आई एक कागद घेऊन आली. मुलगा त्या रात्री परगावच्या दवाखान्यात तापाने पडून होता, असे तिचे म्हणणे. सरकारी वकिलांनी तो कागद भिरकावला नाही, लगेच खराही मानला नाही. दवाखान्याची नोंदवही तपासून आणविली. नोंद खरी निघाली. मग त्यांनी स्वतःच ती न्यायालयापुढे ठेवली आणि त्या मुलावरचा खटला मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी ती दिली.

"आपला वकील त्यांना जाऊन मिळाला!" व्हरांड्यात मावसभाऊ ओरडला. खोटे कशाला सांगू, मलाही तसेच वाटले.

वाचकहो, त्या माणसाने मोठी जोखीम पत्करली होती. आरोपींच्या वकिलाने लगेच मुद्दा काढला : एक नाव खोटे, तर उरलेली दोन खरी कशावरून? निकालापर्यंत आम्हाला झोप नव्हती. डॉक्टरांची साक्ष आणि जप्त झालेला चाकू यांच्या बळावर दोघांना शिक्षा झाली, म्हणून निभावले.

पुढे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात सांगितले की, कसेही करून शिक्षा मिळविण्याची तहान सरकारी वकिलाला नसावी. आरोपीला रास्तपणे मिळणारा फायदा त्याने दडवू नये. त्यापूर्वी, १९९५ साली, आपल्याच महाराष्ट्रातील शहाणे खटल्यात त्या न्यायालयाने मॅजिस्ट्रेट कोर्टांतील सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या अंमलाखालून काढण्याचा आदेश दिला होता. ज्याने तपास केला त्याच्याच हाताखाली वकील असला, तर तपासातली चूक तो कोणत्या तोंडाने दाखविणार?

खान्देशाला या पेशाचे अप्रूप आहे. उज्ज्वल निकम जळगावचे. तेथेच वकिली सुरू करून ते १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात आणि पुढे कसाबच्या खटल्यात विशेष सरकारी वकील झाले. त्यांचा आम्हाला अभिमान आहेच. पण कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती, असे त्यांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितले, ते मला आवडले नाही. ती गोष्ट कोर्टाबाहेरची होती खरी. तरी आमच्या त्या धुळ्याच्या वकीलसाहेबांनी ती सांगितली नसती असे वाटते.

दुसरे उदाहरण जळगावच्या घरकुल घोटाळ्याचे. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. ४८ जण दोषी ठरले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कारावास आणि १०० कोटींचा दंड झाला. पुढे अपिले उच्च न्यायालयात गेली. साडेतेरा वर्षे! एवढ्या काळात अधिकारी बदलतात, सरकारे बदलतात, साक्षीदार म्हातारे होतात. अशा वेळी कागद न् कागद सांभाळून तो पुराव्यात आणणे हे काम वर्तमानपत्रांत छापून येत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. सत्र न्यायालयातला खटला सरकारी वकिलानेच चालवायचा आणि तो मागे घ्यायचा तर न्यायालयाची संमती लागायची, हे मात्र तसेच राहिले.

मावसभावाची समजूत अजून पटलेली नाही. गेल्या दिवाळीतही अधू हात मांडीवर ठेवून तो म्हणाला, "होता रे भो तो पोरगा तिथे. मी पाहिला ना!"

"अंधार होता," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. उजव्या हाताने चकली मोडीत राहिला.