सिटीवेस्टची मतपत्रिका आणि दोन दुभंगलेली शहरे



सिटीवेस्ट हे नाव ऐकले की हे एखादे मोठे शहर असावे असे वाटते. प्रत्यक्षात ही आयर्लंडच्या डब्लिन शहराच्या नैऋत्येला, डोंगरांच्या पायथ्याशी वसलेली एक नवी वस्ती आहे. लुआस नावाच्या ट्रामची लाल मार्गावरची एक शाखा २०११ साली येथवर आली. सकाळी कामावर निघालेल्या माणसांनी भरलेल्या या ट्राममध्ये इंग्रजीबरोबर पोलिश, मल्याळम, तेलुगू, हिंदी अशा भाषा ऐकू येतात. अधूनमधून मराठीही कानावर पडते, आणि मग मान आपोआप तिकडे वळते.

आज या वस्तीविषयी लिहावयाचे ते तेथील निवडणुकीच्या निमित्ताने. आपल्या बेटावर ४ मे २०२५ रोजी पोर्ट लुईसह पाच नगरांत मतदान झाले, तेही तब्बल दहा वर्षांच्या खंडानंतर. तेव्हा नगरपालिकेचे मत म्हणजे काय, आणि ते हातातून निसटले म्हणजे काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

डब्लिनचा कारभार एका नगरपालिकेकडे नाही. १९९४ पासून त्या परिसराची वाटणी चार कौन्सिलांत झाली आहे. सिटीवेस्ट हे दक्षिण डब्लिन काउंटी कौन्सिलच्या हद्दीत येते. तिची कचेरी टाला या शेजारच्या गावात असून सदस्य चाळीस आहेत. महापौराची निवड लोक करीत नाहीत. सदस्य आपल्यातून एकाला वर्षभरासाठी निवडतात. रोजच्या कारभाराची दोरी नेमलेल्या मुख्य अधिकाऱ्याच्या हाती असते. महापौराच्या गळ्यात साखळी येते, सभेचे अध्यक्षपद येते आणि समारंभांची आमंत्रणे येतात. लोकांनी थेट निवडलेला महापौर या देशाला जून २०२४ मध्ये प्रथमच मिळाला, तो लिमरिक येथे. डब्लिनलाही तसा महापौर असावा अशी शिफारस २०२२ साली नागरिकांच्या सभेने केली होती.

७ जून २०२४ रोजी, शुक्रवारी, देशभर कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या. त्यानंतर दक्षिण डब्लिनच्या सदस्यांनी महापौर म्हणून निवडले ते केरळातील अंगमालीहून आलेल्या बेबी पेरेप्पाडन यांना. त्यांचे चिरंजीवही त्याच वर्षी त्याच कौन्सिलवर निवडून आले. आपल्या लोकांना आणखी एक नाव माहीत असेल. दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवणजवळच्या वराड गावचे, आणि लिओ यांची राजकारणातील पहिली पायरीही कौन्सिलच होती, डब्लिनच्या उत्तरेकडील फिंगलची.

एवढे वाचून कोणाला वाटेल की तेथे सारे आलबेल आहे. तसे नाही. १९ जुलै २०२५ रोजी टाला भागात एका भारतीय माणसाला टोळक्याने गाठले, मारहाण केली आणि त्याचे कपडे काढले. एका स्थानिक बाईने थांबून त्याला मदत केली, हेही लिहून ठेवले पाहिजे. त्यानंतर ऑक्टोबरात खुद्द सिटीवेस्ट पेटले. तेथील प्रशस्त हॉटेलात २०२२ पासून युक्रेनमधून पळून आलेली कुटुंबे व इतर देशांतून आश्रय मागण्यास आलेली माणसे ठेवलेली होती, आणि २०२५ मध्ये ते हॉटेल सरकारने विकतच घेतले. एका लहान मुलीवरील अत्याचाराच्या आरोपाची बातमी पसरली आणि हॉटेलच्या दारापुढे जमाव जमला. दगड, फटाके, पोलिसांची गाडी पेटवून देणे, असे प्रकार लागोपाठ दोन-तीन रात्री चालले.

हॉटेलात कोणाला ठेवावे हे कौन्सिल ठरवीत नाही, देशाचे सरकार ठरविते. पण सरकार दूर असते आणि कौन्सिलचा सदस्य दुकानात, शाळेच्या फाटकाशी भेटतो. म्हणून रोष त्याच्यावर. आता अशा वस्तीत मत मागावयास निघालेला उमेदवार कोणती भाषा बोलेल? एका बाजूला चिथावून तिचीच मते गोळा करणे हा सोपा मार्ग असतो. आयर्लंडची मतपत्रिका तो मार्ग पुरता बंद करीत नाही, पण त्यावर चढण मात्र घालते. ते कसे, ते पाहू.

मॉरिशसमध्ये आपण जितक्या जागा तितके क्रॉस करतो. तेथे क्रॉस नाही, आकडे असतात. आवडत्या उमेदवारापुढे १, त्यानंतरच्यापुढे २, मग ३, असे हवे तितके लिहावे. मत एकच, पण ते सरकते. समजा एका विभागात पाच जागा आहेत आणि १२,००० मते वैध ठरली. १२,००० ला सहाने भागून एक मिळवावा म्हणजे २,००१. इतकी मते ज्याला मिळाली तो निवडून आला. त्याची जादा मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे जातात. सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याचीही मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. हे काम हाताने चालते व कधी कधी त्याला काही दिवस लागतात. कार्यकर्ते कठड्याला टेकून प्रत्येक गठ्ठ्याकडे डोळे लावून बसतात.

यात गोम अशी की पहिल्या पसंतीवर फार थोडे निवडून येतात. शेवटची जागा बहुधा दुसऱ्याच्या मतदारांनी दिलेल्या तिसऱ्या-चौथ्या आकड्यावर ठरते. म्हणून ज्याच्या दारी आपले मत नाही अशा दारीही उमेदवाराला जावे लागते. ‘पहिले मत त्यांना द्या, पण दुसरे मला द्या’ असे तो सांगतो. ज्याने अर्ध्या गावाला शिव्या दिल्या त्याला हे सांगता येत नाही.

ही पद्धत हौसेने आली नाही. आयर्लंड तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट असे उभे दुभंगलेले होते. १९१९ च्या जानेवारीत स्लायगो या कर्जात बुडालेल्या नगरात ही पद्धत प्रथम वापरली गेली. अल्पसंख्य प्रॉटेस्टंटांनाही कौन्सिलवर जागा मिळावी हा तिचा हेतू. मग १९२० च्या जानेवारीत ती सर्व नगरांना लागू झाली, आणि उत्तरेकडील डेरी शहरात तिने अशी उलथापालथ केली की तिचा हादरा पुढे पन्नास वर्षे जाणवला.

डेरी हे फॉइल नदीवरचे तटबंदीचे शहर. सतराव्या शतकात लंडनच्या व्यापारी मंडळ्यांनी ते वसविले म्हणून लंडनडेरी. कोण कोणते नाव घेतो त्यावरून आजही त्याचा पक्ष कळतो. येथे कॅथॉलिकांची वस्ती जास्त होती, पण कॉर्पोरेशन प्रॉटेस्टंट युनियनिस्टांच्या हाती. १९२० साली आकड्यांच्या मतपत्रिकेने तराजू सरळ झाला, कॅथॉलिक राष्ट्रवाद्यांना बहुमत मिळाले आणि ह्यू ओ’डॉहर्टी हे वकील महापौर झाले. सतराव्या शतकानंतर त्या गादीवर बसलेले ते पहिले कॅथॉलिक.

पण लवकरच आयर्लंडची फाळणी झाली. डेरी उत्तर आयर्लंडमध्ये राहिले आणि तेथील नव्या सरकारने १९२२ साली नगरांच्या निवडणुकांतून ही पद्धतच काढून टाकली. वॉर्डांच्या सीमाही नव्याने आखल्या. त्याचा परिणाम काय झाला याचे आकडे पुढे सरकारनेच नेमलेल्या कॅमरन आयोगाच्या १९६९ च्या अहवालात आले. ते असे. १९६७ साली दक्षिण वॉर्डात १०,०४७ कॅथॉलिक मतदार व १,१३८ इतर, सदस्य आठ. उत्तर वॉर्डात २,५३० कॅथॉलिक व ३,९४६ इतर, तेथेही सदस्य आठ. नदीपलीकडील वॉटरसाइड वॉर्डात १,८५२ कॅथॉलिक व ३,६९७ इतर, सदस्य चार. बेरीज करून पाहा. कॅथॉलिक १४,४२९, इतर ८,७८१. आणि कॉर्पोरेशनमध्ये युनियनिस्ट बारा, विरोधक आठ! खोट्या मतपेट्या नाहीत, मारामारी नाही. नकाशावर तीन रेघा काढल्या, एका बाजूची सारी माणसे एकाच वॉर्डात कोंबली, आणि काम झाले.

दुसरी अट अधिक क्रूर होती. नगराच्या निवडणुकीत मत मिळे ते घरपट्टी भरणाऱ्या घरमालकाला किंवा भाडेकरूला आणि त्याच्या जोडीदाराला. आईबापांच्या घरी राहणारा विवाहित मुलगा, खोली घेऊन राहणारा कामगार यांना ते नसे. उलट व्यापारी कंपन्यांना सहापर्यंत मते होती. म्हणजे कॉर्पोरेशनने एखाद्या कुटुंबाला घर दिले की दोन मते जन्माला येत. मग ‘चुकीच्या’ वॉर्डात घर कोण देणार? कुटुंबे वर्षानुवर्षे एका खोलीत दाटीवाटीने राहिली ती केवळ पैसा नव्हता म्हणून नव्हे. घर दिले तर नकाशा बिघडेल, ही भीती होती.

५ ऑक्टोबर १९६८ रोजी एका माणसाला एक मत व राहावयास घर अशा मागण्यांसाठी डेरीत मोर्चा निघाला. पोलिसांनी लाठ्या चालविल्या, ते चित्र दूरचित्रवाणीवर जगभर गेले, आणि उत्तर आयर्लंडची तीस वर्षांची होळी तेथून पेटली. कॉर्पोरेशन बरखास्त झाले. १९७३ साली आकड्यांची मतपत्रिका परत आली. बहुमत राष्ट्रवाद्यांकडे गेले, पण महापौरपद दोन्ही बाजूंना पाळीपाळीने देण्याचा प्रघात त्यांनी पाडला. ज्यांनी पन्नास वर्षे दारे बंद ठेवली त्यांच्याच माणसाला गळ्यात साखळी घालून बसविणे सोपे गेले नसेल. जून २०२४ मध्ये, म्हणजे दक्षिण डब्लिनने केरळच्या गृहस्थांना निवडले त्याच महिन्यात, डेरी व स्ट्राबेनच्या कौन्सिलच्या महापौर झाल्या लिलियन सेनोई-बार, केनियातून आलेल्या.

एवढे वाचून मराठी माणसाला बेळगाव आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथेही नावावर भांडण आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी ते बेळगावी झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत शहर कन्नड राज्यात गेले, महाजन आयोगाने १९६७ साली तसेच राहू द्या म्हटले, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. या साऱ्या काळात मराठी माणसाच्या हाती दरबार असा एकच होता, महानगरपालिका. म्हणून तेथील महापौरपद हे गटार-पाण्याचे पद न राहता निशाण झाले. २००५ साली महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. नोव्हेंबरात महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि महापालिकाही बरखास्त झाली.

तेथेही महापौर सदस्यांतून एका वर्षासाठी निवडला जातो, पण ते पद कोणत्या वर्गासाठी राखीव हे राज्य सरकार ठरविते. २०१३ च्या निवडणुकीत मराठी गटाला बहुमत मिळाले. २०१८ साली पद अनुसूचित जमातीसाठी राखीव निघाले, मराठी गटात तसा सदस्यच नव्हता, आणि बहुमत असून बसाप्पा चिक्कलदिन्नी हे कन्नड भाषिक महापौर झाले. आरक्षण वाईट असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. मराठी गटाने अशा बांधवांना उमेदवारी देण्याची काळजी आधी का घेतली नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारावयास हवा होता.

पुढे ३ सप्टेंबर २०२१ रोजी ५८ प्रभागांसाठी मतदान झाले, प्रथमच राष्ट्रीय पक्षांच्या चिन्हांवर. भारतीय जनता पक्षाने ३५ जागा घेतल्या, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाती मोजक्याच उरल्या. अनेक प्रभागांत एकाहून अधिक मराठी उमेदवार एकमेकांसमोर उभे होते. तेथे मतदाराला एकच मत असते, ते वाया गेले की गेले. सिटीवेस्टसारखे १, २, ३ लिहिता आले असते तर ती मते एकापासून दुसऱ्याकडे सरकली असती, आणि उमेदवारांना कन्नड व उर्दू भाषिकांच्या दारीही दुसऱ्या पसंतीसाठी जावे लागले असते. समितीला ते किती रुचले असते हे निराळे. महापौर निवडीला मात्र ६ फेब्रुवारी २०२३ उजाडला, आणि निवडल्या गेल्या शोभा सोमनाचे. मराठी भाषिक, पण राष्ट्रीय पक्षाच्या.

आता पुन्हा सिटीवेस्टकडे. मतदानानंतर सात दिवसांत खांबांवरच्या तसबिरी उतरविण्याचा कायदा आहे, त्यामुळे २०२४ च्या निवडणुकीची खूण तेथे आता दिसत नाही. पुढची निवडणूक २०२९ साली. तेथे आलेली आपली पुष्कळ मंडळी समजतात की नागरिकत्व नाही, म्हणजे मत नाही. संसदेपुरते ते खरे आहे. कौन्सिलसाठी मात्र अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, तेथे राहणाऱ्या कोणाही माणसाला मत आहे, मग तो कोणत्याही देशाचा असो, आणि त्याला उभेही राहता येते. यादीत नाव घालणे एवढेच काम. ते कौन्सिलच्या कचेरीत करता येते आणि घरबसल्याही.

ज्या हॉटेलच्या दारापुढे गाडी जळाली त्यातील आश्रय मागणारी माणसेही या कायद्यात बसतात. डेरीत घर नाही म्हणून मत नव्हते. येथे ज्यांना स्वतःचे घर नाही, देशही नाही, त्यांनाही तीच लांबलचक मतपत्रिका मिळते, आणि मत मागणाऱ्याला त्यांच्या दारावरही टकटक करावी लागते.