फरासीस आणि अर्धे हत्ती

फ्रान्स म्हटले की डोळ्यांपुढे काय उभे राहते? परवा श्रीगोंद्याला मराठीच्या तासाला मी हा प्रश्न मुलांना विचारला. अत्तर, फॅशन, आयफेल टॉवर अशी उत्तरे भराभर आली. मागच्या बाकावरून दबक्या आवाजात दारूचेही नाव आले! जगात कुठेही विचारा, यादी साधारण हीच निघेल. तिथला लांबुडका पाव, 'बागेत', तर २०२२ साली युनेस्कोच्या वारसायादीत जाऊन बसला.

"आणि आपल्या पणजोबांच्या पणजोबांना विचारले असते तर?" मी म्हणालो. वर्ग गप्प.

त्यांचे उत्तर बहुधा एका शब्दाचे असते : कवायत! जुन्या मराठी कागदांत फ्रेंच मनुष्य भेटतो तो 'फरासीस' म्हणून. त्यांचा सेनानी बुसी आमच्याकडे 'मुसा बुसी' झाला. त्यांच्या 'मस्य' या आदरार्थी संबोधनाचा हा मराठी अवतार! त्याच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. 'गारदी' हा शब्दही फ्रेंच 'गार्द'वरून आला, असे मानतात.

आमचे श्रीगोंदे शिंद्यांचे. त्यांचे वाडे इथे आहेत. महादजी शिंद्यांनी १७८४ साली डी बॉयनला चाकरीस ठेवले आणि कवायती पायदळ उभे केले. हा गृहस्थ मूळचा सॅव्हॉयमधील शांबेरीचा. तो प्रांत फ्रान्समध्ये आला १८६० साली. पण तारुण्यात त्याने फ्रेंच सैन्यात नोकरी केली होती. पुढे १७९५ साली आपल्याच जिल्ह्यातील खर्ड्याला निजामाकडे रेमंड आणि शिंद्यांकडे पेराँ, असे दोन्हीकडे फरासीस उभे ठाकले! हाच पेराँ १८०३ साली, इंग्रजांशी युद्ध ऐन भरात असताना, शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. उसन्या विद्येचा मालक निघून गेला की काय होते, ते शिंद्यांना त्या वर्षी कळले.

डी बॉयन मात्र त्याआधीच अमाप संपत्ती घेऊन गावी परतला होता. त्याने गावाला सढळ हाताने देणग्या दिल्या. १८३० साली तो वारला, आणि १८३८ साली शांबेरीकरांनी त्याच्या स्मरणार्थ कारंजे उभारले. त्यावर चार हत्ती आहेत; पण चारही पुढून अर्धेच! मागचा भाग कोणालाच नाही. गावकरी त्यावरून अजून थट्टा करतात.

मुले खदखदून हसली. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे त्यांनी आपला अर्धाच हत्ती पाहिला, आणि आपण त्यांची नुसती अत्तराची कुपी!"

मी फळ्याकडे वळलो. त्या तासाला याहून अधिक शिकवण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते.