उचलीवर काढलेलं शिसं

‘क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची शिशाची कंपनी, कामगारांना शाळा आणि वाचनालय देणारी,’ एवढ्या भांडवलावर संपादकांनी मला उत्तर इंग्लंडमधल्या नेंटहेडला धाडलं.

लंडन लेड कंपनीची सनद १६९२ची. दगडी कोळशावर शिसं गाळायचं आणि त्यातून निघालेली चांदी टांकसाळीला द्यायची, हा धंदा. अठराव्या शतकात ती पेनाइन्सच्या डोंगरात स्थिरावली. नेंटहेडला तिनं घरं बांधली, शाळा काढली, डॉक्टर नेमला. दारू पिऊन धिंगाणा घातला की नोकरी गेली. हे सगळं कौतुकानं लिहिलं जातं, आणि ते खोटं नाही.

मी अडकले ती मजुरीच्या पद्धतीत. चार-सहा जणांची टोळी तीन महिन्यांचा ‘बार्गेन’ घ्यायची: अमुक शिरेतल्या खनिजाला दर बिंगमागं इतके शिलिंग. बिंग म्हणजे ४०० किलोंहून थोडं जास्त, तेही धुऊन स्वच्छ केलेलं. शीर भरघोस दिसली की कंपनीचा माणूस दर पाडणार, बारीक असली की चढवणार. टोळीही दगड वाचण्यात त्याला हार जाणारी नव्हती. घर चालवायला दरमहा उचल मिळे. पक्का हिशोब वर्षाकाठी एकदाच. त्यातून उचल, मेणबत्त्या, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार लावल्याचे पैसे, सगळं वजा. शीर आटली तर वर्षभर राबून अंगावर कर्जच. आपल्या ऊसतोड टोळ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. कंपनी धर्मशील होती खरी. पण डोंगराच्या पोटातला जुगार तिनं कामगाराच्या नावावर लावला होता.

घर लांब असलेले लोक आठवडाभर खाणीजवळच मुक्काम करत. शेजारच्या किलहोपला, दुसऱ्या मालकाच्या खाणीवर, अशी एक खोली पुन्हा मांडून ठेवली होती. फळ्यांच्या एकावर एक खाटा, एकच शेगडी. एकेका बिछान्यात कितीजण कोंबलेले असत, ओल्या कपड्यांचा वास कसा येई, हे १८४२च्या बालकामगार चौकशीत नोंदलेलं आहे. खनिज धुवायला पोरंच असत, उघड्यावर, गार पाण्यात.

सुरुंगाचा धूर आणि दगडाची धूळ यांनी छाती पन्नाशीच्या आतच निकामी होई. १८६४च्या सरकारी अहवालात त्याची दखल आहे. पुढं स्पेनचं स्वस्त शिसं आलं, भाव कोसळले. १८८२ला कंपनीनं नेंटहेड सोडलं, १९०५ला ती गुंडाळली गेली. बरेच जण डरहॅमच्या कोळशाच्या खाणींत गेले. तिथं पगार पंधरवड्याला होई.