बिनव्याजी पेढींतील नोकरवर्ग

व्याज न घेतां बँक चालते कशी, हा प्रश्न बहुतेक श्रोत्यांच्या मनांत येतो. त्या बँकेंत मेजामागें बसणाऱ्या कारकुनाची पृच्छा मात्र क्वचितच होते. वस्तुतः व्यवहार इस्लामी धर्मशास्त्रास धरून झाला कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं त्याच्याच हातीं असतें.

इजिप्तमध्यें नाईल नदीच्या मुखप्रदेशांतील मीत घम्र या गांवीं १९६३ सालीं अहमद अल् नज्जार यांनीं जर्मन बचतपेढ्यांच्या धर्तीवर अशी एक पेढी काढली. ती फार वर्षें टिकली नाहीं. परंतु पुढें १९७५ सालीं दुबईंत व १९८३ सालीं मलेशियांत याच तत्त्वावर मोठ्या बँका उभ्या राहिल्या.

या बँकांतील 'मुराबहा' नांवाचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. एखाद्या गृहस्थास यंत्र हवें असतें. नेहमींची बँक त्यास पैसे देईल व व्याज घेईल. इस्लामी बँक तें यंत्र प्रथम स्वतः विकत घेते, आपल्या ताब्यांत आणते, आणि मग आपला नफा उघड सांगून त्यास हप्त्यांनीं विकते. यास कोणी शब्दांचा खेळ म्हणतील, आणि आंकडे पाहिले तर तें अगदींच खोटें नाहीं. भेद आहे तो क्रमांत. माल बँकेच्या मालकीचा होण्यापूर्वींच विक्रीच्या कागदावर सही घेतली, तर व्यवहार बिघडला. त्यावरील नफा मग दानधर्मांत द्यावा लागतो. आतां वर्षअखेर अमुक रकमेचे व्यवहार झालेच पाहिजेत असा तगादा वरिष्ठांनीं लावला, तर त्या घाईंत क्रम कोण सांभाळणार? येथें नोकराचें स्वास्थ्य हा केवळ दयाबुद्धीचा विषय राहत नाहीं.

नोकर कसा असावा, याविषयीं कुराणांतील मूसाच्या कथेंत दोनच गुण सांगितले आहेत: सामर्थ्य आणि विश्वासूपणा. मालकाविषयीं पैगंबरांचें म्हणून जें वचन सांगतात, त्याचा आशय असा कीं, मजुराचा घाम वाळण्यापूर्वीं त्याची मजुरी द्यावी. 'अमानत' आणि 'अद्ल', म्हणजे ठेव व न्याय, हे यांतील मुख्य शब्द. मराठींतील 'अनामत' आणि 'अदालत' हे त्यांचेच सगोत्र होत.

नमाजासाठीं खोली दिली आणि शुक्रवारीं दुपारीं सवड दिली कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी कांहीं व्यवस्थापकांची समजूत दिसते. ती अपुरी आहे. धर्माच्या नांवानें उघडलेल्या बँकेंत शिरणारा मनुष्य पगार, बढती आणि वरिष्ठांची वागणूक त्याच मापानें मोजतो, आणि तेथें पक्षपात दिसला तर तो अधिक दुखावतो. मलेशियांतील अशा बँकांत मुसलमानेतर नोकरही आहेत. त्यांच्यापुरता तर न्यायाखेरीज दुसरा कसच नाहीं. कराराचे मसुदे शास्त्रज्ञांच्या शरीयत मंडळापुढें जातात, बढतीचे निर्णय बहुधा जात नाहींत.

दुसरी अडचण शिक्षणाची. पुष्कळ नोकर व्याजी बँकांतून आलेले असतात. त्यांच्या हातास जुनें वळण असतें. हिशेबाचे व शास्त्राचे दंडक ठरविणारी एक संस्था १९९१ पासून बहारीन येथें आहे, व ती परीक्षाही घेते. त्या परीक्षा तपासनीस व सल्लागार यांच्यासाठीं आहेत. खिडकीशीं बसणाऱ्या कारकुनास क्रमाचें मर्म समजावून देण्याचा भार मुख्यतः ज्याच्या त्याच्या बँकेवरच पडतो.